रिसेट दाबण्याआधी

"मॅडम, टोटल लॉस लिहू नका. आधी एकदा स्टार्ट करून तर बघा." वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये तो माणूस हे इतक्या हळू म्हणाला, की शेजारच्या ग्राइंडरच्या आवाजात मला अर्धंच ऐकू आलं. कळव्याला राहणारा, साठीच्या आसपासचा, हातात गाडीचे कागद घातलेली प्लास्टिकची पिशवी. गाडी पांढरी, जुनी, पण निगा राखलेली. खारेगावजवळ पुढच्या कंटेनरने करकचून ब्रेक मारला आणि ही त्याच्या मागच्या अँगलखाली घुसली. बोनेटची घडी होऊन ती काचेला टेकली होती, डावा पिलर, म्हणजे छत पेलणारा खांब, आत सरकला होता, रेडिएटरमधून गळालेल्या हिरव्या कूलंटचा डाग खालच्या कोब्यावर सुकला होता. मी विम्याची सर्व्हेयर, माझी नुकसानाची बेरीज तोवर झाली होती. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्याच्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की ती गाडी आमच्या लेखी संपते, आणि ही त्या रेषेच्या बरीच पलीकडे होती. मी काही बोलायच्या आत त्याने वाकड्या दारातून हात घालून चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. कुठलातरी सुटा पत्रा थरथरत होता, पण इंजिनाचा आवाज एकसारखा, स्वच्छ. त्याने लगेच बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं. "चालते ना?"

चालत होती. मी टोटल लॉसच लिहिलं.

हिशेबात चूक नव्हती, आजही तो कागद समोर आला तर मी तेच लिहीन. तरीही त्याचा तो प्रश्न दिवसभर माझ्यासोबत राहिला आणि रात्री घरी आला. रात्री जेवणं आटोपली की मी ट्रक चालवते. डायनिंग टेबलाला क्लॅम्पने बसवलेलं स्टीअरिंग, खाली पेडल, पडद्यावर युरोप. आमची खिडकी घोडबंदर रोडवर उघडते, त्यामुळे रात्री अवजड वाहनं सोडली की बाहेरचे खरे ट्रक आणि माझा आतला ट्रक एकदम ऐकू येतात. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरने २०१२ साली काढलेला युरो ट्रक सिम्युलेटर २ हा माझा जुना सोबती. त्याच्यात कोणाला हरवायचं नसतं. माल उचलायचा, रस्ता धरायचा, वायपर लावायचा, पोचायचं. त्या रात्री एका अरुंद वळणावर ट्रेलर कठड्याला घासला. मी पान्याची खूण असलेलं सर्व्हिस स्टेशन शोधलं, गाडी आत घेतली, आणि समोर तो नेहमीचा तक्ता आला. इंजिन इतके टक्के खराब, गिअरबॉक्स इतके, केबिन इतकी, चेसिस इतकी, चाकं इतकी. एक बटण दाबलं. खात्यातून पैसे गेले, सगळे आकडे शून्य झाले. ट्रक कालच्यासारखा. इतकी वर्षं हे बटण दाबताना मला काही वाटलं नव्हतं. त्या रात्री वाटलं.

कारण टक्के माझ्या ओळखीचे आहेत. दिवसभर मी तेच लिहिते. बंपर प्लास्टिकचा, म्हणून त्याच्यावर ५० टक्के घसारा. रबर, नायलॉन, टायर-ट्यूब, बॅटरी यांच्यावरही ५०. फायबरग्लासवर ३०. काचेवर काही नाही. पत्र्याचं गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने शून्य, मग ५, १०, १५ असं चढत चढत दहा वर्षांवरच्या गाडीला ५०. हे कोष्टक माझं तोंडपाठ आहे आणि त्याच्याशी माझं भांडण नाही. कोणाच्या खिशातून किती जाणार हे ठरवायला काहीतरी आकडा लागतोच. पण टक्के हा पैशाचा हिशेब आहे. कुठलीच गाडी टक्क्यांत मोडत नाही. इंजिन अकरा टक्के खराब आहे म्हणजे नेमकं काय? टॅपेट वाजतात? तेल जळतंय? चढावर दम लागतो? या प्रत्येक दुखण्याला वेगळा आवाज आहे, वेगळं औषध आहे, आणि त्यातली काही दुखणी घेऊन गाडी वर्षानुवर्षं धावते. कळव्याच्या त्या माणसाला हेच सांगायचं होतं असं मला वाटतं. गाड्यांच्या खेळांनी आम्हा विमावाल्यांचा तक्ता उचलला आणि मिस्त्रीचा कान मात्र तिथेच सोडला.

युरो ट्रकवाल्यांनी अलीकडे त्यात सुधारणा केली आहे, हे सांगायला हवं. आता अपघाताचं नुकसान वेगळं आणि झीज वेगळी. ठोकर दुरुस्त करून मिळते, पण झिजलेला भाग बदलावाच लागतो. पाऊल योग्य दिशेला आहे. तक्ता मात्र तक्ताच राहिला.

खेळात दुरुस्तीचं बिल मी पहिल्यांदा पाहिलं ते नौपाड्यातल्या एका सायबर कॅफेत. कॉलेज सुटलं की आम्ही तासाच्या भाड्याने तिथे बसायचो. एसीचा गारवा, रेक्झिनच्या खुर्च्यांचा वास, कळकट कीबोर्ड. नीड फॉर स्पीडच्या १९९९ सालच्या हाय स्टेक्समध्ये शर्यत संपली की गाडीची झालेली मोडतोड पैसे देऊन भरून काढायला लागायची. मुलं वैतागायची. जिंकलेले पैसे गॅरेजात घालायचे म्हणजे काय! मला मात्र तो भाग आवडायचा. भिंतीला घासताना पाय आपोआप ब्रेकवर यायला लागला होता, आणि त्यामुळे पडद्यावरच्या त्या गाडीला एकदम वजन आलं होतं. नुकसान नसलेली गाडी खेळात कितीही वेगाने पळो, ती मला आपली वाटत नाही.

तिथून आजच्या खेळांपर्यंत फार मोठा पल्ला गाठला गेला आहे. भाचा आमच्याकडे राहायला आला की त्याच्या लॅपटॉपवर बीमएनजी ड्राइव्ह चालू असतं. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या कंपनीचा हा खेळ २०१३ मध्ये पहिल्यांदा लोकांच्या हाती आला. त्याच्या आधी यातल्याच काही मंडळींनी रिग्ज ऑफ रॉड्स नावाच्या खुल्या, फुकट सिम्युलेटरवर हात बसवला होता. या खेळातली गाडी म्हणजे शेकडो बिंदू आणि त्यांना जोडणारे हजारो दांडे. प्रत्येक बिंदूला वजन, प्रत्येक दांड्याला ताकद, आणि संगणक दर सेकंदाला २००० वेळा हिशेब करतो की कुठला दांडा किती ताणला, कुठला कायमचा वाकला, कुठला तुटला. त्यामुळे गाडी ठोकली की आधी करून ठेवलेलं चित्र समोर येत नाही. ती खरोखर त्या क्षणी, त्या कोनातून चेमटते. एका संध्याकाळी त्याने एक गाडी काँक्रीटच्या खांबावर घातली आणि मला हाक मारली. "मावशी, ह्याचा क्लेम किती होईल गं?" मी चष्मा लावून जवळ गेले. पुढचा क्रॉस मेंबर आत. रेडिएटर, कंडेन्सर गेले. डाव्या चाकाचा लोअर आर्म वाकलेला, चाक मागे सरकून मडगार्डला लागलेलं. दाराची मागची फट फाकलेली, म्हणजे मार पिलरपर्यंत पोचलाय. मी खरंच पार्ट मोजायला लागले होते, मनात मजुरी लावत होते, इतक्यात त्याने एक बटण दाबलं आणि गाडी कोरी करकरीत होऊन उभी राहिली. माझा अंदाज हवेतच राहिला.

"अरे, थांब ना जरा. बघत होते मी."

"त्यात काय बघायचं? परत ठोकतो."

त्याचं काही चुकलं नव्हतं. तो खेळ मुळात ठोकण्याच्या आनंदासाठी उघडतो. माझं सगळं लक्ष मात्र त्या फटीवर होतं, जी खेळ बनवणाऱ्या पोरांनी इतकी अचूक दाखवली होती. वर्कशॉपमध्ये गाडी समोर आली की मी आधी फुटलेल्या भागाकडे बघत नाही. मी न फुटलेल्या बाजूने सुरुवात करते. बोनेट आणि मडगार्डमधली फट, पुढचं दार आणि मागचं दार यांतली फट, त्यांच्यावरून अंगठा फिरवत जाते. फट वरपासून खालपर्यंत सारखी असली तर मार वरवरचा. खाली बारीक आणि वर रुंद झाली की समजायचं, सांगाडा हलला. मग खिशातलं छोटं चुंबक काढते. पत्र्यावर ते टक्‌ करून चिकटतं. पण जिथे पूर्वी ठोकून, वर जाड लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलेला असतो तिथे ते नुसतं सरकतं, धरत नाही. मालक म्हणतो गाडी कधी लागलेली नाही, आणि चुंबक त्या दाराखाली पडतं. रंगाच्या आत गाडीचा सगळा इतिहास तसाच असतो.

खेळांमध्ये मला सगळ्यात जास्त हवी असलेली गोष्ट हीच आहे. दुरुस्तीनंतर गाडी पूर्ववत होऊ नये. दुरुस्त झालेली गाडी दुरुस्त झालेली दिसावी, तशी चालावी, तशी वाजावी.

रबाळ्याच्या एका गॅरेजमधला डेंटर मी कितीदा बघत उभी राहिले आहे. मडगार्डचा खड्डा तो कधी मधून ठोकत नाही. पत्र्याच्या आतून डाव्या हाताने लोखंडाची गुळगुळीत डॉली टेकवतो आणि बाहेरून चपट्या हातोडीने खड्ड्याच्या काठाकाठाने टकटक करत येतो, जसा मार बसताना पत्रा गेला त्याच्या उलट वाटेने. सुरुवातीला आवाज पोकळ येतो. मग हळूहळू भरीव होतो. मध्येच तो थांबतो, हाताखाली सुती फडकं धरून तळवा पत्र्यावरून सावकाश फिरवतो, कारण डोळ्याला न दिसणारा उंचवटा फडक्याआडून हाताला लागतो. जास्त ताणलेला पत्रा दाबला की डबीच्या झाकणासारखा आत-बाहेर टिक-टिक करतो. तिथे तो गॅसची ज्योत क्षणभर धरतो आणि लगेच ओलं फडकं दाबतो. चर्रर्र होऊन पत्रा आकसतो. मग लांबी, पाणी मारून घासणं, प्रायमर, पुन्हा घासणं. हे सगळं होऊन रंग लागला तरी ट्यूबलाइटच्या उजेडाची रेघ त्या मडगार्डवरून जाताना एका जागी किंचित लचकते. तो मला ती जागा स्वतः बोट ठेवून दाखवतो. लपवत नाही. एखाद्या खेळात मला ही हातोडी हातात मिळावी. काठाकडून आलं तर पत्रा वर यावा, मधोमध घाव घातला तर तो ताणून आणखी बिघडावा, आणि किती ठोकायचं नि कुठे थांबून लांबीवर भागवायचं हे मला ठरवता यावं. बीमएनजीसारख्या खेळाला वाकवण्याचं गणित येतं. सरळ करण्याचं गणित त्याच्याच उलट्या बाजूला आहे, आणि तिकडे अजून फारसं कोणी गेलेलं नाही.

न जाण्याला कारणंही आहेत. गाड्यांच्या कंपन्या नावं आणि मॉडेल वापरायला देतात तेव्हा आपली गाडी चेमटलेली दिसावी असं त्यांना वाटत नाही. ग्रान टुरिझ्मो १९९७ पासूनची मालिका, पण तिच्या गाड्यांवर दिसेल अशी मोडतोड यायला २०१० उजाडलं. बीमएनजीने म्हणूनच स्वतःचे काल्पनिक ब्रँड उभे केले: इबिशू, गॅव्हरिल, हिरोची. त्यातली इबिशू पिजन नावाची तीनचाकी भाच्याची लाडकी आहे, वळणावर हमखास आडवी होते. ती बघताना मला पहिल्या पावसात माजिवड्याच्या पुलाखाली आडवी झालेली एक रिक्षा आठवते. चार जणांनी ती हुप्प म्हणून उभी केली, ड्रायव्हरने हँडल दोन्ही बाजूंना फिरवून बघितलं, वाकलेला आरसा हाताने सरळ केला आणि भाडं घेऊन निघूनही गेला. त्याला तक्ता कोणी दाखवला नव्हता. हँडल फिरवून त्याने तपासणी केली होती.

तपासणी खेळात आली पाहिजे. पडद्याच्या कोपऱ्यातली ती लाल-पिवळी पट्टी काढून टाका. ठोकर बसली की खेळाने गप्प राहावं. मग मी गाडी हळू चालवून बघेन. स्टीअरिंग डावीकडे ओढतंय का? साठच्या वर गेल्यावर घूंऽऽ असा आवाज येतो आणि उजवीकडे वळल्यावर वाढतो, म्हणजे डाव्या चाकाचं बेअरिंग. पूर्ण स्टीअरिंग मारून गाडी वळवली की कट-कट, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. थांबून खाली उतरता यावं, टॉर्च मारून खाली वाकून बघता यावं, टायरचा आतला काठ जास्त झिजलाय का ते हात फिरवून पाहता यावं. जुने मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावतात आणि कुठल्या सिलिंडरमध्ये खडखड आहे ते सांगतात. खेळात हे साधन आलं तर नुसत्या आवाजाच्या जोरावर केवढी मजा येईल! आणि मला चुकीचं निदान करायची मुभाही असावी. बेअरिंग समजून मी पैसे घालावेत आणि आवाज तसाच राहावा.

गायमुखच्या घाटात रस्ता खराब झाला की कुठलातरी ट्रक बसतो, आणि मग अख्खं घोडबंदर तासन्‌तास त्याच्या मागे उभं राहतं. आपण गाडीत बसून चडफडतो. मी मात्र अशा वेळी खाली उतरून बघते, कामाची खोड म्हणा. एकदा पाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी, तुटलेला ट्रक होता, मागे दगड आणि झाडाची फांदी लावलेली. क्लीनर जॅक लावत होता, पण उतारावर जॅक सरकत होता म्हणून ड्रायव्हरने चाकांना अडण लावली, जॅकखाली फळी टाकली. मेन पाटा दोन तुकडे. नवा कुठून येणार? त्याने एक्सल आणि चेसिसच्या मध्ये लाकडाचा ठोकळा बसवला, साखळीने करकचून आवळला, साखळीच्या गाठीत टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून पीळ दिला. काम चालू असताना तो कोणाशी बोलत नव्हता. मागून हॉर्नचा गोंगाट, अंगावर धूर, घामाने पाठीला चिकटलेला सदरा. "कळंबोलीपर्यंत जाईल," एवढंच म्हणाला. तिथे त्याचा मिस्त्री होता. ट्रक एका बाजूला कलून, गोगलगाईच्या वेगाने निघाला आणि रस्ता मोकळा झाला.

पोचण्यापुरती दुरुस्ती. मोडणं आणि नीट होणं यांच्या मधली ही जी लंगडत चालण्याची अवस्था आहे, तिच्यातच खरं ड्रायव्हिंग आहे असं माझं मत होत चाललं आहे, आणि खेळांनी तीच गाळली आहे. सगळ्यांनी नाही. २०२० च्या स्नोरनरमध्ये चिखलातून ट्रक नेताना दुरुस्तीचं सामान ट्रकवरच न्यावं लागतं आणि त्याला जागा द्यावी लागते. जालोपी नावाच्या छोट्या खेळात पूर्व जर्मनीतून तुर्कस्तानकडे जाणारी डबडा गाडी आहे, तिच्या डिकीत जॅक ठेवायचा की विकायला माल, हा प्रश्न पदोपदी पडतो. आणि फिनलंडचा माय समर कार! त्यात गाडी सुट्या भागांतून जोडायची असते, प्रत्येक बोल्टला त्याच मापाचा पाना लागतो, एखादा बोल्ट ढिला राहिला तर तो भाग रस्त्यात गळून पडतो. तो खेळताना मला दहा-अकराचा आणि बारा-तेराचा पाना शोधणारे शेडमधले पोरगे दिसायला लागतात. रॅलीच्या खेळांनीही हे जपलं आहे. डर्ट रॅली २.० मध्ये टप्प्यांच्या मध्ये दुरुस्तीला ठरावीक मिनिटंच मिळतात, म्हणजे काय दुरुस्त करायचं आणि काय तसंच ओढायचं हे निवडावं लागतं. खऱ्या रॅलीचा नियम तर आणखी कडक: टप्प्यावर असताना गाडीला हात फक्त ड्रायव्हर आणि सहड्रायव्हरने लावायचा, आणि सामानही गाडीत असेल तेवढंच. २०१५ च्या मेक्सिको रॅलीत ओट ट्यानाकची फोर्ड फिएस्टा तळ्यात पार बुडाली. माणसं वेळेत बाहेर आली. नंतर गाडी पाण्यातून काढली, आणि मेकॅनिकांनी तीन तासांच्या सर्व्हिसमध्ये ती उभी केली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शर्यतीत धावली. त्या तीन तासांचा कोणी खेळ केला तर मी रात्ररात्र खेळेन.

पोचण्यापुरत्या दुरुस्तीला आपल्याकडे किती तऱ्हा आहेत. फाटलेल्या होस पाइपला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून गुंडाळायची. पेट्रोलच्या टाकीच्या बारीक तड्यावर कपड्याचा साबण घासायचा. गळणाऱ्या रेडिएटरमध्ये हळद टाकायची. सायलेन्सर तारेने बांधायचा. यातली प्रत्येक युक्ती काही अंतर चालते आणि मग दगा देते, आणि किती चालेल हे वेग, उष्णता, रस्ता यांच्यावर असतं. खेळात असं हवं की ट्यूबची पट्टी बांधून मी निघाले, तापमानाच्या काट्यावर एक डोळा ठेवून, चढावर एसी बंद करून, गाडी रेंगाळत ठेवून. पट्टी किती टिकणार ते मला कोणी सांगू नये. गॅरेज आलं की मिस्त्रीने ती पट्टी सोडून बघावी आणि दुसरी दुरुस्ती सुचवावी. एक मिस्त्री म्हणेल, बदला. दुसरा म्हणेल, कशाला बदलता, मी ठोकून देतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना पार्ट आणला तर स्वस्त, पण तो कुठल्या गाडीतून निघाला, कुणास ठाऊक. हे सगळे निर्णय खेळाचेच आहेत, शर्यतीइतकेच.

कारण नुकसान ठोकरीपाशी संपत नाही. २००५ च्या २६ जुलैनंतर मी नुकतीच सर्व्हेचं काम शिकायला लागले होते, सरांच्या मागे वही घेऊन फिरायचे. गाड्यांच्या रांगाच्या रांगा, सीटवर गाळाचा थर, डॅशबोर्डवर पाण्याची रेघ, सगळीकडे तो आंबूस कुबट वास. सर दर गाडीपाशी एकच प्रश्न विचारायचे, "पाण्यात स्टार्ट मारला होता का?" ज्यांनी नुसती गाडी सोडून दिली होती त्यांची इंजिनं धुऊन-पुसून पुष्कळदा वाचली. ज्यांनी पाण्यात उभ्या गाडीला सेल्फ मारला त्यांच्या सिलिंडरमध्ये पाणी गेलं, पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकले. पूर सगळ्यांना सारखाच आला होता. बीमएनजी या बाबतीत खरा आहे. त्यात रेडिएटर फुटला आणि तुम्ही तसंच दामटलं तर इंजिन तापून बसतं. पण एक बटण दूर नवी गाडी असताना थांबायचं कोण?

एका गोष्टीबद्दल मी खेळांना काही मागत नाही. खऱ्या गाडीत माणसं असतात. चेमटलेल्या दाराच्या कप्प्यात शाळेची पाण्याची बाटली असते, सीटखाली एक चप्पल सापडते, मागच्या काचेशी झोपलेला कापडी ससा. माझ्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. मी त्या वस्तू पिशवीत भरून वर्कशॉपच्या सुपरवायझरकडे देते. खेळातल्या गाड्या रिकाम्या आहेत, तशाच राहू देत.

कळव्याच्या त्या गृहस्थांनी पुढे गाडी स्वतःकडेच ठेवली. भंगाराची किंमत वजा करून क्लेम घेतला, त्याला आम्ही नेट ऑफ सॅल्व्हेज म्हणतो, आणि गाडी टो करून घेऊन गेले. सही करताना मी विचारलं, पिलर सरळ करून मिळेल का कुठे? "मिळेल हो. माझा मिस्त्री आहे. वेळ लागेल म्हणाला, पण करतो म्हणाला." मी त्यांना वेल्डिंगनंतर चारही चाकांची अलाइनमेंट मोजून घ्या, मोठ्या रस्त्यावर वेगात काढू नका, एवढं सांगितलं. सर्व्हेयरच्या कामात हे सांगणं येत नाही.

या गोष्टी मी भाच्याला सांगत असते. त्याने मध्यंतरी मला बीमएनजीच्या गाडीची फाइल उघडून दाखवली. साधा मजकूर असतो, कोणीही बदलू शकतं. जगभरातली पोरं असेच मॉड करतात. एकाखाली एक ओळी, प्रत्येक ओळीत दोन बिंदूंची नावं, आणि मध्येच आकडे. बीमडिफॉर्म म्हणजे किती जोर बसल्यावर तो दांडा कायमचा वाकेल. बीमस्ट्रेंग्थ म्हणजे किती जोरावर तुटेल. मी त्या ओळी बराच वेळ खालीवर करत राहिले. माझ्या वहीतली गाडी पार्टांची असते, ही जोरांची होती. इथे इंजिनाचे टक्के नव्हते, पिलरचा नेमका कोणता दांडा किती सोसेल ते लिहिलेलं होतं. मी म्हटलं, मग एकदा तुटून वेल्ड केलेल्या दांड्याचा आकडा कमी ठेवता येईल की. गाडी दिसायला सरळ, चालायला ठीक, पण दुसऱ्यांदा तिथेच लागली तर लवकर फाटेल. आणि डावीकडचा दांडा केसभर आखूड झाला असेल तर गाडी जन्मभर थोडी डावीकडे ओढेल.

तो एकदम सरसावून बसला. डाव्या ए-पिलरच्या ओळी शोधून काढल्या, फाइलची एक प्रत केली, तिला 'दुरुस्त' असं नाव दिलं.

"किती कमी करू? निम्मं?"

"ते वेल्डिंग कोणी केलंय त्यावर आहे," मी म्हटलं. "घाईत गॅस मारून दिलं असेल तर निम्म्याहून कमी. पत्रा साफ करून, कापून, नीट जोडून, टाके जवळजवळ मारले असतील तर फारसं कमी नाही."

"म्हणजे मिस्त्री पण बनवायला लागणार."

"मग? त्याच्याशिवाय कसं होईल?"

त्याने दुसरी, रिकामी फाइल उघडली आणि विचारलं, "बरं, सांग. पहिला मिस्त्री कसा आहे?"